पाहणाऱ्यांच्या यादीत

रात्री दोनला मी रायचं पीठ मळायला घेते
तेव्हा कायानीत बाहेर उणे एकवीस असतं
आणि माझ्या एप्रनच्या खिशात सहा पॉइंट एक.

एवढं पुरतं मला.
सहा पॉइंट एक, शेजारी आडवा बाण.
म्हणजे वेइक्का झोपलाय,
म्हणजे दंडावरचं ते नाण्याएवढं बटण
अंगाखाली दबलेलं नाही,
म्हणजे कोपरापर्यंत पिठात जायला हरकत नाही.
इतर आया दाराआडून श्वास ऐकतात.
मी आकडा ऐकते.

नऊ वर्षांचा होता. पाणी पीत सुटला होता,
नळाला तोंड लावून, वासरासारखा.
आणि मी रागावले होते,
इतका मोठा होऊन गादी ओली करतोस म्हणून.
हे ॲपमध्ये कुठेच भरता येत नाही.
तिथे रकाने आहेत: जेवण, इन्सुलिन, व्यायाम, इतर.
‘इतर’मध्ये एकदा मी लिहिलं, माफ कर.
मग खोडलं,
कारण दवाखान्यातल्या हुओतारीबाई ते सगळं वाचतात.

रात्रभर जे भाजते
त्याचाच दिवसा हिशेब मांडते.
एक पीराक्का, रायच्या पातळ पारीत भरलेला मऊ भात:
अठरा ग्रॅम.
तो तीन खातो, दोन लिहितो.
आकडा तेव्हा काही बोलत नाही,
तासाभराने चुगली करतो.

चारच्या खाली गेला की फोन थरथरतो.
त्या फेब्रुवारीत तो तीनला दहा कमी असताना थरथरला,
तीन पॉइंट चार, बाण खाली, एक नाही, दोन.
मी सात वेळा फोन लावला.
पिठाच्या बोटांना काच ओळखेना,
नाकाच्या शेंड्याने लावला आठवा,
खालच्या मजल्यावरच्या काउकोला.
आयुष्यभर बर्फ ढकलायची गाडी चालवलेला म्हातारा,
आमची किल्ली त्याच्याकडे, कुंड्यांना पाणी घालायला म्हणून.
लोकरीचे मोजे, हातात लिंगनबेरीचा रस,
तो जिना चढला.
मी तो जिना इथून मोजला, पायरी पायरी.
दोन पॉइंट नऊ.
दोन पॉइंट नऊ.
तीन पॉइंट एक.
मागे पीठ फुगून परातीबाहेर आलं होतं,
मला कळलंही नाही.

मार्चमध्ये वेइक्का अठरा वर्षांचा झाला.
केक खाल्ला, खरे ग्रॅम लिहिले,
मग अंगठा फिरवत म्हणाला,
आई, पाहणाऱ्यांच्या यादीतून तुला काढतोय.
चिडून नाही. दारात बूट काढावेत तसं.
मी विचारलं, मग यादीत कोण?
काउको.
काउकोला धड फोन उचलता येत नाही, मी म्हटलं.
तो म्हणाला, काउको वर येतो.
तू फोन करतेस.

बशा विसळताना मी नळ जरा जास्तच सोडला.

आता खिशात नुसती एक करडी रेघ असते.
पहिल्या आठवड्यात मी मीठ दोनदा घातलं,
एकदा घातलंच नाही.
सिनिक्का मालकीण काही बोलली नाही,
फक्त मिठाचा डबा स्वतःजवळ सरकवून घेतला.
तीनला दहा कमी असताना अजून मांडी थरथरते,
फोन तिकडे फळीवर असला तरी.

आज सकाळी, दुकान उघडून पाच मिनिटं झाली असतील,
काउको आला.
त्याला रायचा पाव चावत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.
टोपीवरचा बर्फ न झटकता
गल्ल्यापाशी उभा राहिला, नाणी मोजत,
आणि काचेपलीकडे, भट्टीपाशी, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला,
पाच पॉइंट आठ.

नाही हो, सिनिक्का म्हणाली,
चार युरो वीस.